आठ सिलिंडर, पाच नावे

११ जानेवारी १९८२. ट्रकवर अकरा माणसे होती. पाच मेली, सहा वाचली.

वाचलेल्यांपैकी एक हिरालाल. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. चिखल्याच्या बाजूने मँगनीज उचलून तुमसर रोड स्टेशनच्या मालधक्क्यावर टाकणाऱ्या एका खाजगी कंत्राटदाराकडे तो भराईचे काम करत असे. भराई करणाऱ्यांनाच धक्क्यावर उतराईही करावी लागे, म्हणून मजूर मालावर बसूनच जात. त्या दिवशी एका पुलियाच्या, म्हणजे लहान पुलाच्या, उतारावर ट्रक उलटला. केवळराम, चंद्रभागाबाई आणि शकुनबाई मालाखाली सापडून जागीच गेली. आठ जण जिवंत होते.

त्याच रस्त्याने कंत्राटदाराची मोटार त्याला खाणीवर सोडून रिकामी परत येत होती. मोटार म्हणजे १९६५ सालची अमेरिकन इम्पाला. कुठल्याशा वकिलातीची जुनी गाडी सरकारी लिलावातून नागपूरला आली आणि तिथून तुमसरला. आठ सिलिंडरचे इंजिन, डावीकडे स्टेअरिंग आणि बैलगाडीच्या रस्त्यात न मावणारी रुंदी. लोक तिला जहाज म्हणत. ड्रायव्हर सुखराम हा आंधळगावजवळच्या खेड्यातला, धान पिकवणाऱ्या घरचा. त्याने कोणाला विचारले नाही. जिवंत माणसे उचलून तो गाडीत घालू लागला. सहा जण मावले. हिरालालचा डावा पाय गुडघ्यात मोडला होता. त्याचा थोरला भाऊ गोमाजी पोटाशी हात धरून उभा होता. त्याने हिरालालला आत लोटले आणि दार बाहेरून लावले. चंद्रकांता नावाची सतरा-अठरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेला निजवलेली होती. सुखरामने भंडारा गाठले, सहा जणांना दवाखान्यात उतरवले आणि तो तसाच माघारी फिरला. तोवर गोमाजी आणि चंद्रकांता दोघेही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडलेला माल गोळा झाला, तोलला गेला आणि धक्क्यावर पोचला. माणसांच्या बाबतीत असे झाले नाही. अकरांपैकी एकाचेही नाव हजेरीपटावर निघाले नाही. कंत्राटदाराने सांगितले की ही मंडळी वाटेत ट्रकवर चढली होती, त्यांच्याशी आपला संबंध नाही. भरपाईचा दावा पुराव्याअभावी टिकला नाही. विचारल्याशिवाय गाडी नेली आणि सीट खराब केली, या कारणासाठी सुखरामला आठवड्याच्या आत कामावरून काढले. सीट धुऊन निघाली असती. पण त्या सीटवर कोण कोण निजले होते हे आपल्याला विसरता येणार नाही, असे मालक चारचौघांत म्हणाला. गाडीतल्या सहांपैकी चार जण छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेल्या घरांतले होते. वाक्याचा अर्थ कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. मालक त्या गाडीत पुन्हा बसला नाही.

श्रम करणाऱ्याचे नाव कुठे तरी लिहिलेले असावे, ही गोष्ट किरकोळ वाटते. ज्याचे नाव लिहिलेले असते त्याला ती तशी वाटते. हिरालाल सतरा वर्षे अर्ज करत राहिला. जिल्ह्याची विभागणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षी त्याने अर्ज करणे थांबवले. त्याने ते रागाने सोडले नाही. साक्ष देणारे कमी होत गेले आहेत, आता नवे काही पुढे येणार नाही, एवढे त्याला कळले.

पाय बरा झाला, पण वाकेना. अशा माणसाला भराईवर कोणी घेत नाही. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये त्याने फिटरच्या हाताखाली सुरुवात केली आणि पुढे तोच फिटर झाला. मोटारीचा पट्टा, धान वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या बादल्या, चाळण्या, बेअरिंग यांत त्याची तीस वर्षे गेली. यंत्राकडे कान देऊन ते कुठे दुखते आहे हे तो सांगे, आणि बहुधा ते खरे निघे. त्याने लग्न केले नाही. आंधळगावात गोमाजीची विधवा मंगलाबाई आणि तिची मुलगी यांच्या शेजारच्या खोलीत तो राहिला. मुलगी शिकली, नोकरीला लागली, सासरी गेली. या सगळ्यात हिरालालचा वाटा किती, हे मंगलाबाईने कधी मोजून सांगितले नाही आणि त्याने कधी विचारले नाही.

मिलच्या एलेव्हेटरच्या माथ्यावर तेल द्यायला चढले की शेजारचे आवार दिसे. ते कंत्राटदाराचे आवार होते. तिथे एका मोडक्या छपराखाली, भाताच्या तुसाच्या ढिगात निम्मी बुडालेली इम्पाला उभी होती. तीस वर्षे, आठवड्यातून दोनदा, हिरालालने ती वरून पाहिली. टायर बसले, छताचा रंग गेला, मागची काच फुटली, हे त्याने क्रमाने पाहिले. २०१२ मध्ये मिल बंद पडली. पुढच्या वर्षी कंत्राटदाराच्या वारसांनी आवार विकायला काढले तेव्हा हिरालाल तिथे गेला आणि भंगाराच्या भावाने गाडी मागितली. धर्मकाट्यावर तोलून त्यांनी ती दिली. घेणारा कोण, हे त्यांना माहीत नव्हते.

ती का घेतली, हे त्यालाही त्या वेळी नेमके सांगता आले नाही. मंगलाबाईने विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला की जिने सहा जण पोचवले ती तुसात सडावी हे बरोबर नाही.

तीन वर्षे तो त्या गाडीवर राबला. तुसाच्या ओलीने तळाचा पत्रा खाऊन टाकला होता. त्याने मिलमधल्या बाद चाळण्यांचा पत्रा कापून नवा तळ बसवला. वायरिंग उंदरांनी संपवले होते. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट जाम झाले होते. आठही प्लगांच्या भोकांतून रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण ओतून, लांब पाइप लावलेल्या पान्याने तो रोज सकाळी इंजिनला एकदा जोर देऊन बघे, आणि हलले नाही तर त्या दिवशी पुन्हा जोर लावत नसे. त्रेचाळिसाव्या दिवशी ते एक सूत हलले. जबरदस्ती केली असती तर दहाव्या दिवशीही हलले असते आणि मोडले असते. मूळ कार्बोरेटर चोरीला गेला होता; अँबॅसेडरचे दोन कार्बोरेटर एका जाड पट्टीवर शेजारी शेजारी बसवून त्याने नवी जुळणी केली. हेडचे पॅकिंग तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापले. पुस्तक नव्हते, नकाशा नव्हता. प्रत्येक भाग उघडताना तो कशासाठी असावा याचा तो विचार करी, आणि उत्तर सापडेपर्यंत पुढचा नट सोडत नसे.

गाडीचा गिअर स्टेअरिंगखाली होता आणि त्याचा क्रम हिरालालला ठाऊक नव्हता. शिवाय न वाकणाऱ्या पायाने त्याला क्लच दाबता येत नव्हता. म्हणून तो सुखरामकडे गेला. सुखराम आता पासष्टीकडे आला होता. तो आला, गाडीभोवती दोनदा फिरला आणि आत बसला. गिअरच्या दांड्यावर हात गेला तेव्हा हाताला क्रम आठवत होता. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. मात्र मंगलाबाई घरी असली की तो अंगणापलीकडे थांबे.

गाडी चालू झाली त्या सुमाराला शेजारच्या एका गावात वेगळीच अडचण उभी होती. सूर नदीच्या काठच्या त्या गावात दर हिवाळ्यात शंकरपट भरे. शेजारी शेजारी आखलेल्या दोन सरळ पट्ट्या, प्रत्येकीवर बैलांची एक जोडी आणि हलकी छकडी, सुरुवातीला आणि शेवटी ताणलेला दोरा. पहिला दोरा तुटला की घड्याळ सुरू होई, शेवटचा तुटला की थांबे. २०१४ मध्ये न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पट ओस पडला. दोन हिवाळे तसेच गेल्यावर पट समितीने ठरवले की बैल नसतील तर यंत्रे पळवायची. जुन्या जीपा, ट्रॉली काढलेले ट्रॅक्टर, बुलेट, जे असेल ते.

त्या गावाची एक रीत होती. जोडी सुटण्याआधी तिच्या मालकाचे नाव आणि गाव माइकवरून पुकारत. आणि नऊ सेकंदांच्या आत जी जोडी येई तिच्या मालकाचे नाव शाळेच्या लांब भिंतीवर तेलरंगाने लिहीत. ते पुसत नसत. साठ वर्षांपूर्वीची नावेही दर दिवाळीत पुन्हा गिरवली जात. त्या भिंतीवर लहान शेतकरी होते, पाटील होते, दोन-तीन मजूरही होते. तालुक्यात एवढी जपलेली यादी दुसरी नव्हती.

हिरालालने हे ऐकले आणि गाडी कशासाठी घेतली होती ते त्याला समजले.

समितीचा चिटणीस सचिन हा तिशीतला ग्रामपंचायत सदस्य. माइकही तोच घेई. हिरालालने भरून दिलेला अर्ज त्याने दोनदा वाचला.

"काका, मालकाच्या रकान्यात एक नाव लिवा लागते. तुमी पाच लिवले."

"जोडी दोघांची असली त तुमी दोन नावं पुकारता ना?"

"एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. म्हणून दोन."

"या गाडीत आठ सिलिंडर हायेत. पाच या पाचांचे."

सचिन हसला. "अन् उरलेले तीन?"

"तीन बिननावाचे. काम त ते बी करतेत."

मेलेल्या बापाच्या नावाने जोडी उतरवण्याची पद्धत तिथे होतीच, त्यामुळे ती हरकत कोणी घेतली नाही. समितीने दिवसभर विचार केला आणि अर्ज स्वीकारला. पण नियम सर्वांना सारखा राहील, नऊ सेकंदांच्या वर एक क्षणही लागला तर भिंतीवर काही लिहिले जाणार नाही, असे सांगितले. हिरालालने आपलीही एक अट घातली. गर्दी अडवणारे दोन्ही बाजूंचे दोर तीस फूट मागे न्यावेत आणि शेवटच्या दोऱ्यापुढचे शेत मोकळे ठेवावे. पटात माणसे पट्टीला चिकटून उभी राहतात. बैल माणसाला चुकवतो, गाडी चुकवत नाही. समितीतले काही जण कुरकुरले. लोकांना पाहायला काय मजा राहील, असे त्यांचे म्हणणे होते. हिरालालने अर्ज परत मागितला. तेव्हा दोर मागे गेले.

गाडी पटासाठी तयार करताना मात्र त्याच्या हातून एक चूक झाली, आणि ती त्याच भागात होऊ शकणारी होती. पटात ज्याची छकडी हलकी त्याचा पट, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असते. छकडीची लाकडे तासून तासून बोटाएवढी करतात. हाकणारा माणूसही वजनाने कमीच शोधतात. हिरालाल आणि सुखराम याच समजुतीत वाढलेले. त्यांनी गाडीतून जे निघेल ते काढले. मागची दारे गेली, डिक्कीचे झाकण गेले, बंपर गेले. शेवटी मागची सीट काढायची वेळ आली तेव्हा मंगलाबाईने ती आपल्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ठेवून घेतली. रंग उडालेल्या रेक्झिनची लांब, खोल सीट. तिच्यावर बसून ती दुपारी लाखोळीची डाळ निवडी. ज्या सीटवर गोमाजीला जागा झाली नव्हती तिच्यावर ती का बसते, हे हिरालालने विचारले नाही.

१२ फेब्रुवारी २०१७ ला पट भरला. प्रत्येक वाहनाला दोन फेऱ्या होत्या. सकाळच्या फेरीत इम्पालाच्या शेजारच्या पट्टीवर एक उघडी जीप होती. सचिनने माइकवरून नियमाप्रमाणे पाच नावे पुकारली. पण सकाळचा गलका मोठा होता आणि नावे कोणाच्या कानांत राहिली नसावीत. झेंडा पडला. जीप सुटली. इम्पालाची मागची चाके जागच्या जागी गरगरली, धुळीचा डोंगर उठला आणि ती सावरून निघाली तोवर जीप अर्ध्यावर होती. घड्याळाने दहा पूर्णांक सहा दशांश सेकंद दाखवले.

गर्दीतून कोणी तरी ओरडले, "अगा, नदी बाजूलेच हाय, पाण्यात सोडा तिले. जहाज हाय ते." लोक पोट धरून हसले. सुखराम खाली उतरला आणि गाडीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. दुपारची फेरी दोन तासांवर होती.

हिरालाल इंजिनाकडे गेलाच नाही. काठी टेकत तो सुरुवातीच्या दोऱ्याशी गेला आणि मागच्या चाकांनी खणलेल्या दोन खड्ड्यांजवळ बसला. एक वीत खोल खड्डे, पुढे वीस फूट उथळ चर, मग स्वच्छ माग. मिलमध्ये ढिला पट्टा पुलीवर असाच घसरतो. मोटार पूर्ण ताकदीने फिरत असते आणि धान जागचे हलत नाही; मोटार बदलून उपयोग नसतो, पट्टा ताणावा लागतो. बैल मातीत खूर रोवून स्वतःच ओढतो, म्हणून त्याच्या मागे भार नको. इथे ओढणारे चाकच मागे होते, आणि त्याला मातीत दाबून धरणारे सगळे त्यांनी आपल्या हाताने काढून टाकले होते.

तो सुखरामला म्हणाला, "आपण गाडीले छकडी समजलो. मांगं वजन पायजे."

ऐकणाऱ्यांत पाच-सहा तरुण होते. आता त्यांना दया आली होती. त्यांनी सांगितले की आम्हीच मागे दाटीवाटीने उभे राहतो, पट्टी संपेपर्यंत घट्ट धरू. हिरालालने त्यांच्याकडे पाहिले.

"माणूस नाही बसवत मी वजनाले," तो म्हणाला.

मग नदीची रेती पोत्यांत भरायचे ठरले. ती पोरेच फावडी घेऊन गेली. पोती घसरू नयेत म्हणून त्यांना मागून अडसर हवा होता, आणि त्यासाठी घडवलेली एकच वस्तू होती. आंधळगावला निरोप गेला. तासाभरात छोटा हत्ती टेम्पो आला. मागे सीट होती आणि सीटला धरून मंगलाबाई.

सुखरामला आता थांबायला अंगण नव्हते. सीट उतरवताना एक बाजू त्याच्या हाती आली आणि दुसरी तिच्या. तो तिच्याकडे न पाहता बोलला.

"बाई, त्या दिवशी दोघं राहिले होते. मी परत आलतो."

"मले माहीत हाय."

"उशीर झाला."

"वाटंत कुठी थांबले होते का तुमी?"

"नाही."

"मंग मायी बाजू उचला, जड होऊन राहिली. अन् गाडी नीट चालवा."

सीट पंचवीस-तीस किलोंची असेल. खरे काम रेतीच्या आठ पोत्यांनी केले, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे; हिरालालही विचारणाऱ्याला तसेच सांगतो. सीट पूर्वीच्या जागी बसवून, बोल्ट आवळून, पोती तिच्यावर आणि तिच्या पायथ्याशी रचून त्याने दोराने बांधली. मग सुखरामला एकच सूचना दिली: पहिल्या वीस फुटांत घाई नको.

दुपारी सचिनने नावे पुकारली तेव्हा गलका कमी होता. सकाळची फजिती पाहिलेले लोक पुन्हा पाहायला आले होते आणि म्हणून ऐकत होते. गोमाजी. केवळराम. चंद्रभागाबाई. शकुनबाई. चंद्रकांता. बायकांची नावे पटात पूर्वी कधी पुकारली गेली नव्हती. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारले की ही कुठली माणसे, आणि शेजाऱ्याला ठाऊक होते. ती माहिती पट्टीच्या कडेने माणसामाणसांतून पुढे सरकत गेली.

झेंडा पडला. गाडी मागच्या चाकांवर किंचित बसली, माती धरली आणि निघाली. त्या आठ सिलिंडरांचा आवाज ३५ वर्षांपूर्वी ज्यांनी आतून ऐकला होता त्यांपैकी दोघे त्या शेतात होते: एक स्टेअरिंगवर आणि एक काठी टेकून. जीप या वेळीही पुढेच राहिली. मोकळ्या ठेवलेल्या शेतात खूप आत जाऊन इम्पाला थांबली. घड्याळावर आठ पूर्णांक सात दशांश सेकंद होते. त्या दिवसाच्या यादीत ती चौथी आली. पहिल्या तिघांना बक्षिसे मिळाली.

भिंत रंगवणाऱ्याने आठवड्याने नावे, वडिलांची किंवा नवऱ्याची नावे आणि गावे विचारली. चार जणांची हिरालालने सांगितली. चंद्रकांताचे कोणालाच माहीत नव्हते. ती हंगामापुरती मध्य प्रदेशाच्या बाजूने आली होती, एवढीच आठवण उरली होती. खरी वाटतील अशी नावे घालून ओळ पुरी करावी असे कोणी सुचवले. हिरालालने नकार दिला. भिंतीवर तिचे नाव एकटेच आहे आणि पुढची जागा कोरी आहे. कोणी शोधत आले तर लिहिता यावे म्हणून.

पुढे बंदी उठली, बैल परत आले, आणि त्या पाच नावांखाली नवी नावे लागली. इम्पाला हिरालालच्या छपराखाली असते. महिन्यातून एकदा सुखराम येतो, इंजिन सुरू करून पाच मिनिटे चालू ठेवतो, आणि मग मंगलाबाईच्या सपरीत चहा घेतो. सीट पुन्हा तिथेच आहे. तो तिच्यावर बसत नाही, खाटेवर बसतो.

हिरालालने गाडीला धाव दिली आणि पाच माणसांना त्यांची नावे मिळवून दिली. एका माणसाच्या हातून होण्यासारखे जे होते ते त्याने केले आहे. पाचही मृतांच्या कुटुंबांना कायद्याने देय असलेली भरपाई अजून दिली गेलेली नाही.